दार दिसत असताना दोर कशासाठी?

प्रश्न : तारकर्लीला मी स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. आता सायप्रसमध्ये लार्नाकाजवळ बुडालेले 'झेनोबिया' जहाज पाहायला जायचा बेत आहे. मित्राचे म्हणणे असे की, जहाजाच्या आत शिरताना दोन टॉर्च असल्या आणि दार दिसत असले तर परतीची वाट सापडावी म्हणून दोर बांधत जायचे लोढणे कशाला? आपले मत काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दार आत जाताना दिसते, परतताना ते दिसेलच असे नाही, आणि दोर लागतो तो नेमका तेव्हा. बुडालेल्या जहाजात तळाशी बारीक गाळ आणि छताला गंजाचे पापुद्रे असतात. पायांतील फिन कितीही जपून हलवले, तरी उच्छ्वासाचे बुडबुडे छतावर आदळून गंज झडू लागतो, पाणी तांबूस होते आणि टॉर्चचा झोत त्या कणांवरून उलट डोळ्यांवर येतो. मग मास्कला टेकवलेला, उरलेली हवा दाखवणारा गेजही वाचता येत नाही. त्यातून १९८० च्या जूनमध्ये मालमोटारींसह बुडालेले झेनोबिया सुमारे ४२ मीटर खोलीवर डाव्या कुशीवर पडले आहे. तिथे जमिनीची भिंत झाली आहे आणि दारे पायाखाली किंवा डोक्यावर आली आहेत, त्यामुळे दिशेच्या अंदाजावर विसंबता येत नाही.

दोराची पहिली गाठ जहाजाबाहेर, जिथून थेट पृष्ठभागावर जाता येते अशा जागी, आणि दुसरी दाराच्या लगेच आत मारतात. पुढे वळणावळणाला वेढा देऊन दोर ताठ ठेवतात, कारण सैल दोर फिनमध्ये अडकतो. गंजलेल्या पत्र्याच्या धारेवर घासून तो तुटू शकतो, म्हणून वेढ्यासाठी गोल नळी किंवा कठडा निवडावा. हात जाईल पण सिलिंडरसह अंग जाणार नाही अशा फटीत दोर सरकू देऊ नये. अंधारात हा सापळाच ठरतो. दिसेनासे झाले की अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात दोर धरून बाहेर यावे. दोराचे रीळ धरणारा पहिला आत जातो आणि शेवटी बाहेर पडतो. दोर कापायचे साधन हाताशी हवेच, आणि एक तृतीयांश हवा संपताच परत फिरावे.

मात्र हे वाचून आत शिरू नका. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. या खेपेला जहाज बाहेरूनच पाहा. त्याची वरची कूस सोळा-सतरा मीटरवर आहे. मित्रासह रिळाचा सराव मात्र आजच सुरू करता येईल : बागेत झाडांना दोर बांधा, डोळ्यांवर पट्टी बांधा आणि दोर न सोडता परत या.