आकड्यांची शंका: कंसात काय लिहायचं?

प्रश्न : पुण्यातल्या १४ शाळांत चौथीच्या ४२० मुलांचा वाचनवेग (मिनिटाला शब्द) वर्षातून चार वेळा मोजला. काही शाळा मराठी माध्यमाच्या, काही इंग्रजी. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एलएमई-फोर (lme4) हे पॅकेज वापरून मॉडेल बसवलं : वेग ~ चाचणी + माध्यम + (चाचणी + माध्यम | शाळा). 'सिंग्युलर फिट' (एखादं विचलन शून्यावर किंवा सहसंबंध ±१ वर अडकलं) असा इशारा येतो. मुलं कमी पडली का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मुलं भरपूर आहेत, गडबड कंसात आहे. उभ्या रेघेच्या उजवीकडे गट येतो आणि डावीकडे त्या गटागणिक काय बदलू द्यायचं ते. एखाद्या गोष्टीला रँडम स्लोप द्यायचा, म्हणजे तिचा परिणाम गटागणिक वेगळा असू द्यायचा, तर ती गोष्ट गटाच्या आत बदलायला हवी. चाचण्या प्रत्येक शाळेत चार झाल्या, त्यामुळे कुठे वेग भराभर वाढला, कुठे रखडला हे कळतं. माध्यम मात्र शाळेला एकच. मराठी शाळा इंग्रजी असती तर काय झालं असतं, हे तिच्याच आकड्यांत कसं सापडणार? माध्यम कंसाबाहेर पुरे. (एकाच शाळेत मराठी आणि सेमी अशा दोन्ही तुकड्या असत्या, तर गोष्ट वेगळी.)

दुसरी चूक इशारा न देणारी, म्हणून जास्त वाईट : मॉडेलमध्ये मूल कुठेच नाही. मुलामुलांतला फरक मग थोडा शाळेच्या खात्यावर पडतो, थोडा उरलेल्या चुकीच्या. असं लिहा :

वेग ~ चाचणी + माध्यम + (चाचणी | शाळा) + (चाचणी | शाळा:मूल)

'मूल' या रकान्यात हजेरी क्रमांक असेल तर 'शाळा:' विसरू नका. नाहीतर चौदा शाळांतली ७ नंबरची मुलं एकच मूल ठरतात.

'चाचणी' अंक म्हणून द्या, तोही ०, १, २, ३ असा. मग इंटरसेप्ट म्हणजे पहिल्या चाचणीचा वेग. १ पासून मोजलंत तर तो कधी झालीच नाही अशा चाचणीचा वेग होतो. मध्ये दिवाळीची सुट्टी येऊन अंतरं असमान झाली असतील, तर पहिल्या चाचणीपासूनचे महिने घाला. फॅक्टर म्हणून (अंक नव्हे, चार वेगळे प्रकार म्हणून) दिलंत तर दर मुलामागे चार रँडम आकडे, म्हणजे १,६८० नोंदींवर १,६८०. पॅकेज तिथेच हात टेकतं.

तरीही इशारा आला तर निकालातल्या रँडम भागात शाळेच्या ओळी पाहा. १४ शाळांवरून दोन प्रमाण विचलनं आणि एक सहसंबंध काढणं ही ओढाताणच. सहसंबंध १.०० किंवा -१.०० दिसला तर (चाचणी || शाळा) करून पाहा, दुहेरी रेघ सहसंबंध काढून टाकते. स्लोपचं विचलन शून्यालाच चिकटलं असेल तर (१ | शाळा) ठेवा, मुलाचा स्लोप मात्र काढू नका. दुहेरी रेघ अंकांवर नीट चालते. फॅक्टरवर पॅकेजच्या जुन्या आवृत्त्यांत ती सहसंबंध गुपचूप तसेच ठेवायची.