प्रेक्षकांना चमकणारे एलईडी रिस्टबँड दिले तर कार्यक्रम खरंच रंगतो का?

तुम्ही विचारलंय की संस्थेच्या वर्धापनदिनाला 600 खुर्च्यांच्या नाट्यगृहात सगळ्यांना एलईडी रिस्टबँड द्यावेत का, त्यामुळे प्रेक्षक जास्त गुंततात का आणि चित्रीकरणात ते नीट येतात का. मी 19 वर्षं लाइट्स करतोय, आधी नाटकांचे आणि मग चॅनेलच्या कार्यक्रमांचे. एरवी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही. पण नेमक्या याच विषयावरून माझं एक मोठं काम गेलं आणि तेव्हा माझं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही.

आधी स्पष्टच सांगतो. रिस्टबँडला अंधार लागतो. प्रेक्षागृहात पूर्ण काळोख करायची तयारी नसेल तर एक रुपयाही घालवू नका.

करोनाच्या आधीची गोष्ट. गोरेगावच्या एका स्टुडिओत गाण्याच्या स्पर्धेची महाअंतिम फेरी होती. साडेतीनशे प्रेक्षक, त्यातल्या निम्म्याहून जास्त कल्याण-डोंबिवलीकडच्या महिला मंडळांतून आलेल्या, सणाला निघाव्यात तशा नटून. रिस्टबँड इन्फ्रारेडवाले होते, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचीच भाषा. ट्रसवर, म्हणजे दिवे टांगायच्या वरच्या सांगाड्यावर, ट्रान्समीटर टांगायचे, ते डीएमएक्सने, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या केबलने, लायटिंग कन्सोलला जोडायचे आणि ज्या भागावर त्यांचा झोत पडेल तिथले पट्टे आपण सांगू तो रंग धरतात. कोण कुठल्या खुर्चीत बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, ही मोठी सोय. अट एकच, पट्ट्यावर मसुराच्या दाण्याएवढा काळा डोळा असतो, त्याला झोत दिसला पाहिजे.

रिहर्सलला आमची युनिटची पोरं हाफ शर्टात बसली होती, सगळं झकास चाललं. प्रेक्षक आल्यावर पहिला क्यू, म्हणजे दिवे बदलायचा इशारा, दिला तर मॉनिटरवर मधल्या पाच रांगा काळ्याठिक्कर. धावत खाली गेलो. पट्टे सगळ्यांनी नीट बांधले होते, पण हात भरून हिरव्या बांगड्या, पुढे पाटल्या, त्यात पट्टा कुठेतरी आत दडलेला आणि वरून पदर. काळ्या डोळ्याला छत दिसायचा प्रश्नच नव्हता. शूटला वीस मिनिटं उरली होती.

तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी मला हाक मारली. ‘अहो दादा, हे हातात राहत नाही. खांद्याला लावू का?’ मी हो म्हणेपर्यंत त्यांनी मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पट्ट्याच्या भोकातून ओवली आणि पदराच्या चुण्यांवर लावूनही टाकली. मी वर क्यू द्यायला सांगितलं. काकूंचा खांदा निळा झाला. मग काय, पर्सा उघडल्या, बांगड्यांतल्या जास्तीच्या पिना निघाल्या, मागच्या रांगेला पुरवल्या गेल्या आणि दहा मिनिटांत पाचही रांगा तयार. 2014 मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला दिवे प्रेक्षकांच्या गळ्यात पदकासारखे होते आणि त्याच महिन्यात अमेरिकेत सुपर बोलला, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, ते विणलेल्या टोप्यांत बसवले होते. हे मला वाचून ठाऊक होतं, तरी मनगट सोडायचं सुचलं ते काकूंना. प्रेक्षक गुंतणं म्हणतात ते मी त्या दिवशी तिथे पाहिलं, अजून एकही गाणं झालेलं नसताना.

खरं भांडण पुढे झालं. दिग्दर्शकांना प्रेक्षकांचे चेहरे उजळ हवे होते आणि पट्टेही चमकायला हवे होते. दोन्ही एकदम होत नाही. चेहऱ्यांवर टंगस्टनचे टू-के, म्हणजे दोन हजार वॅटचे दिवे, लावले होते. त्या दिव्यांतून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड भसाभस बाहेर पडतो आणि त्या गलक्यात पट्ट्याला ट्रान्समीटरचं काही ऐकू येत नाही. शिवाय कॅमेऱ्याची आयरिस, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, चेहऱ्याच्या उजेडाला लावली की पट्ट्याचा इवलासा दिवा चित्रात फिका पडतो. मी म्हटलं, चेहरे आधी घ्या, हवे तितके घ्या, पण एका गाण्याच्या शेवटी दोन मिनिटं मला अंधार द्या. उत्तर आलं की भाडं मोजलंय, 14 ही गाण्यांना पट्टे चालू ठेवा.

ठेवले. तिसऱ्या गाण्यापर्यंत लोक एकमेकांना दाखवत होते, पाचव्याला कुणी बघेना. आठव्या गाण्याला पांढरा रंग लालसर पडायला लागला. आत 3 व्होल्टचं नाण्याएवढं सेल असतं. निळ्या एलईडीला जवळपास तेवढा सगळाच दाब लागतो, लाल दोनाच्या आसपासही पेटतो. म्हणून सेल उतरलं की आधी निळा जातो आणि लाल मागे राहतो.

बाराव्या गाण्याला सोलापूरकडचा 15 वर्षांचा एक मुलगा अभंग म्हणत होता. शेवटच्या गजराला मृदंग चढला तसा मी कुणाला न विचारता प्रेक्षकांवरचे सगळे दिवे शून्यावर आणले. पट्टेही बंद. मुलावर फक्त एक स्पॉट. टॉकबॅकवर, म्हणजे युनिटच्या हेडफोनवर, आरडाओरडा सुरू झाला. मी मनात आठ मात्रा मोजल्या आणि पहिल्या रांगेपासून एकच रंग हळूहळू मागे नेला. निळा संपला होता, म्हणून लालात जरासा हिरवा मिसळून शेंदरी केला, समईच्या वातीपाशी असतो तसा. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. दिवे खांद्यावर असल्यामुळे टाळीबरोबर ते वरखाली व्हायला लागले, हे माझ्या प्रोग्रॅमिंगमध्ये नव्हतंच. मुलानं डोळे उघडले, समोर पाहिलं आणि ठरला होता त्यापेक्षा दोनदा जास्त गजर म्हटला. पुढच्या रांगेतल्या बायका माना वळवून मागे बघत होत्या.

तो शॉट प्रोमोत लागला. मला दुसऱ्या दिवशी निरोप आला की पुढच्या पर्वाला येऊ नका.

त्या वळलेल्या मानांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रिस्टबँड स्टेडियममध्ये चालतात, कारण स्टेडियम वाटीसारखं असतं. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडनं 2012 च्या दौऱ्यात झायलोबँड नावाचे रेडिओवर चालणारे रिस्टबँड वापरले, तेव्हापासून हे वेड पसरलं. 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे 18, 19 आणि 21 तारखेला कार्यक्रम झाले. तशा जागी समोरच्या स्टँडमधले हजारो ठिपके आपल्याला दिसतात आणि आपण त्यातलाच एक ठिपका आहोत हे कळतं. नाट्यगृहात सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आपल्या पुढच्याचा आंबाडा दिसतो, दिव्यांचा समुद्र दिसत नाही. तो दिसतो रंगमंचावरच्या कलाकाराला, बाल्कनीला आणि कॅमेऱ्याला. तेव्हा तुमच्याकडे बाल्कनी असेल किंवा मागे मोठा पडदा लावून प्रेक्षकांचंच चित्र त्यांना दाखवणार असाल तर घ्या. नाहीतर मोबाइलचे टॉर्च लावायला सांगा, फुकटात काम होतं.

घेतलेच तर इन्फ्रारेडवाले घ्या. रेडिओवाले विभागवार वाटावे लागतात आणि आपली माणसं ओळखीचं कुणी दिसलं की खुर्च्या बदलतात, मग डावीकडचा लाल उजवीकडे उगवतो. कोरियन पॉपवाल्यांनी यावर तोड काढली आहे, चाहते स्वतःची लाइटस्टिक आणतात आणि ब्लूटूथने ती आपल्या सीट नंबरला जोडतात, पण वर्धापनदिनाला ते कोण करणार. चित्रीकरणाचं म्हणाल तर भाड्याने घेण्याआधी एक नमुना मागवा आणि तुमच्याच कॅमेऱ्यावर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवून, मंद उजेडात रेकॉर्ड करून पाहा. हलक्या दर्जाच्या रिस्टबँडची लुकलुक डोळ्याला कळत नाही, चित्रात मात्र आडव्या रेघा उमटतात.

मघाशी सांगायचं राहिलं, आणि हे महत्त्वाचं आहे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट करू नका, लाल रंगाचा तर नाहीच. 1997 मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटामुळे शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आणि पट्टे दारावर मोजून परत घ्या. आतलं सेल लहान मुलानं गिळलं तर अन्ननलिका जाळतं, त्यामुळे पाच वर्षांखालच्यांना पट्टा देऊच नका, कितीही रडलं तरी.

मी अंधाराबद्दल एवढं ताणून बोलतोय, पण तुमच्या कार्यक्रमात वयस्कर मंडळी जास्त असतील तर पायऱ्यांवरचे दिवे चालू राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. बाकी प्रेक्षकांवरचे दिवे कधी आणि किती वेळ बंद होणार हे आधीच ठरवा, क्यू शीटवर लिहा आणि त्यावर तुमच्या दिग्दर्शकाची सही घ्या. एकच गाणं, तेही शेवटून दुसरं किंवा तिसरं. ‘पैसे भरलेत, मग सगळ्या गाण्यांना लावा’ असं समितीतलं कुणीतरी म्हणेलच. त्यांना हे उत्तर वाचायला द्या.