उजवीकडून येणारा आधी: जर्मनीत गाडी चालवणाऱ्या सोलापूरकरासाठी

तुम्ही विचारलंय, सोलापुरात बारा वर्षं गाडी चालवली आहे, मार्चमध्ये नोकरीसाठी जर्मनीला निघालोय, तर रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय व्हायला किती दिवस लागतील? बाजूची सवय आठवडाभरात होते, तिची काळजी करू नका. मला नडलं ते वेगळंच.

आपण सोलापुरातल्या सात रस्ता चौकात गाडी घालतो तेव्हा समोरच्याच्या नजरेकडे बघतो. तो दबला की आपण पुढे, तो घुसला की आपला ब्रेक. रस्ता मोठा किंवा गाडी मोठी, त्याचा मान आधी. तिकडे वस्तीतल्या चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल, तर उजवीकडून येणारा आधी जातो, मग तो बोळातून का येईना. तो तुमच्याकडे बघेलच असं नाही. तुम्ही थांबणार, हे त्याने धरलेलंच असतं.

माझी पहिली ड्रायव्हिंग टेस्ट इथेच गेली. रुंद रस्ता, दोन्ही कडेला लावलेल्या गाड्या आणि उजवीकडे एक अरुंद बोळ. वेग तिसाच्या आतच होता, पण मी बोळात पाहिलंच नाही. शेजारच्या प्रशिक्षकाने त्याच्या पायाखालचा ब्रेक दाबला आणि आमच्या बॉनेटसमोरून एक बाई शांतपणे गाडी घेऊन गेल्या. हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्यांनी. त्यांचा माझ्यावर केवढा भरवसा होता, हे कळल्यावर माझे हात थरथरायला लागले.

टेस्टचं म्हणाल तर ती द्यावीच लागेल. तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने आपलं लायसन चालतं, पुढे जर्मन लायसन लागतं. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा होतात. लेखी इंग्रजीतून देता येते. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. खर्च बराच येतो, तेव्हा पहिल्या वर्षी पैसे बाजूला ठेवा.

उजवीकडे वळताना आरशावर विसंबू नका, मान वळवून खांद्यावरून मागे बघा. शेजारून सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याचा हक्क आधी असतो आणि तो हमखास आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात असतो. ही सवय इथूनच लावून घ्या.

हायवेवर, म्हणजे आउटोबानवर, ओव्हरटेक डावीकडूनच करायचा. पुणे रोडला ट्रक आतली लेन धरून बसतो आणि आपण बाहेरून काढतो, तसं तिथे चालत नाही. बऱ्याच टप्प्यांवर वेगाला मर्यादा नाही, ताशी 130 ही नुसती शिफारस आहे. आरशात ठिपक्याएवढी दिसणारी गाडी बघता बघता मागे येऊन ठेपते, म्हणून ओव्हरटेक झाला की लगेच उजवीकडे या.

आणि एक गोष्ट बघून तर मला भरून आलं होतं. हायवेवर गाड्या तुंबायला लागल्या की ॲम्ब्युलन्सचा आवाज यायच्या आधीच सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, आणि मधे वाट तयार होते. तसा कायदाच आहे. पण मला आठवली आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा. सिद्धेश्वराचे नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, येताना दिसले की एवढी गर्दी कशी दुभंगते! वाट देणं आपल्या अंगात आहे भाऊ, रस्त्यावर तेवढं आणायचं राहिलंय.

सुट्टीला घरी याल तेव्हा मात्र पहिले दोन दिवस गाडी हातात घेऊ नका. गेल्या जानेवारीत पार्क चौकात एक आजोबा रस्ता ओलांडायला उभे होते, मी सवयीने थांबलो. मागचा दुचाकीवाला माझ्या डावीकडून सुसाट निघाला आणि आजोबांच्या पिशवीला घासून गेला. ते पडले नाहीत, पण माझ्या थांबण्यावर विश्वास ठेवून त्यांनी पाऊल टाकलं होतं.