हनुवटी एका बाजूला सरकली आहे, नुसत्या ब्रेसेसने चेहरा सरळ होईल का?

दोष जबड्याच्या हाडातच असेल तर नाही. तारा दात हलवतात, जबडा नाही. एक चपटी लाकडी काडी दोन्ही बाजूंच्या दातांत आडवी धरून आरशात बघा. डोळ्यांच्या रेषेपेक्षा ती तिरकी दिसली, तर बहुधा वरचा जबडाही कललेला आहे.

अशा वेळी तारा आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात. आधी साधारण 12 ते 18 महिने तारा. गंमत म्हणजे या काळात चेहरा आणखी वाकडा दिसू शकतो! वाकड्या जबड्याला सांभाळून घेताना दात वर्षानुवर्षं तिरके वाढलेले असतात. ते आधी आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. बरेच जण इथेच घाबरतात. मग तोंडाच्या आतूनच हाड कापून जागेवर आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. त्यानंतर पुन्हा काही महिने तारा.

शस्त्रक्रिया शक्यतो वाढ थांबल्यावरच. एका बाजूचा जबड्याचा सांधा अजून वाढतोय अशी शंका असेल तर आधी बोन स्कॅन (हाडाची वाढ चालू आहे का ते दाखवणारी तपासणी) करतात, नाहीतर सरळ केलेलं पुन्हा वाकडं होतं.

खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा खालचा ओठ बधिर होतो. बहुतेकांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडा कायम राहतो. सर्जनला हे आधीच स्पष्ट विचारा.