गच्चीवर एकटा जाणारा भाऊ

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून अंबडच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला होता. मुदत संपल्यावर त्यांनी पुढे घेतलं नाही. तेव्हापासून घरीच आहे. मागच्या महिन्यात त्याच्या गाडीच्या डिकीत मला गोगो पेपरचं, म्हणजे गांजा गुंडाळून ओढायच्या कागदाचं, पाकीट आणि डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स सापडले. विचारलं तर लपवलं नाही. म्हणाला, "झोप लागत नाही म्हणून ओढतो. दारू तर पीत नाही ना?" आधी ही पोरं पांडवलेणीच्या बाजूला बसायची. आता रात्री सगळे झोपले की हा एकटाच गच्चीवर जातो. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी हात उचलला. आई म्हणते संगत तोडा, मामा म्हणतात लग्न करून द्या. मला दोन्ही पटत नाही. गांजाचं व्यसन लागतं का? आणि चांगला शिकलेला मुलगा असं का करत असेल?
— थोरली बहीण, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. सुरुवात बहुतेक मुलांची कट्ट्यावरच होते. पहिला झुरका कुणी स्वतः शोधत जाऊन घेत नाही, तो हातात दिला जातो. पण आज तुमच्या गच्चीवर मित्र नाहीत आणि तरीही तो ओढतोय. म्हणजे गांजा आता त्याच्यासाठी वेगळंच काम करतोय. ते काम कोणतं हे कळायच्या आत जप्ती केलीत, तर पाकीट तेवढं हाती लागेल.

मुलं का ओढतात याची कारणं अभ्यासकांनी वेगवेगळी करून पाहिली आहेत. मजा, मित्रांत मिसळणं, नाही म्हटलं तर बाजूला पडू ही भीती, काही निराळं अनुभवायची ओढ, आणि मनातला त्रास दाबणं. एकाच मुलात यातली दोन-तीन असतात आणि काळानुसार बदलतातही. त्रास दाबायला ओढणाऱ्यांच्या वाट्याला गांजामुळे येणाऱ्या अडचणी जास्त येतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. शनिवारची मजा शनिवारी संपते. बेकारीची धास्ती मात्र रोज रात्री येते, मग ओढणंही रोजचं होतं.

तुमच्या भावाच्याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. ओळख पटेल असं काही सांगत नाही. त्याचे वडील पहिल्या पाळीला जायचे. पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात त्यांचा डबा भरल्याचा आवाज यायचा, डब्याचं झाकण लागल्याचा, पिशवीची चेन ओढल्याचा. तो मला म्हणाला, "मॅडम, तो आवाज जागेपणी ऐकला ना, की दिवस गेला. म्हणून त्याच्या आत झोप लागलीच पाहिजे." साठीला टेकलेला बाप कामाला निघालाय आणि आपण अंथरुणात आहोत, हे त्याला सहन होत नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, याला कशाचं काही नाही. त्या घरात सगळ्यांत जास्त लाज त्यालाच वाटत होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

मुलग्यांच्या बाबतीत मला हे फार जाणवतं. आपण त्यांना रागवायची मोकळीक देतो, रडायची देत नाही. "मला भीती वाटते" हे वाक्य वीस-बावीस वर्षांच्या मुलानं घरात म्हटलेलं तुम्ही कधी ऐकलंय? लग्नकार्यात भेटेल तो विचारतो, "सध्या काय करतोस?" बरोबरचे पुण्याला लागलेले, त्यांचे फोटो रात्री मोबाइलवर. या सगळ्यावर गांजा काही तासांचा पडदा टाकतो. तुमच्या भावालाही नेमकं हेच होतंय असा माझा दावा नाही. पण नोकरी जाणं, झोप उडणं आणि एकटं ओढणं ही तिन्ही एका ओळीत आली की मी नैराश्य आणि चिंता यांची तपासणी करायला सांगतेच.

आता झोपेचं. त्याचं म्हणणं खोटं नाही. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकामुळे सुरुवातीला झोप लवकर लागते. रोज ओढलं की शरीर सरावतं, तेवढ्याच झोपेला जास्त माल लागतो. आणि एखाद्या रात्री नाही ओढला तर झोप पार उडते, लागलीच तर भडक स्वप्नं पडतात, चिडचिड होते, भूक मरते. मुलाला वाटतं, बघा, गांजाशिवाय मला झोपच नाही! खरं म्हणजे ती झोप गांजा सुटल्यामुळे उडालेली असते. हा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. हे त्याला आधीच सांगून ठेवा. ज्याला हे माहीत नसतं तो चौथ्या रात्री पुन्हा गच्चीवर जातो. शिवाय आपल्याकडे जॉइंटमध्ये, म्हणजे गांजा भरलेल्या सिगारेटमध्ये, बहुधा तंबाखू मिसळतात, त्यामुळे निकोटीनची तलफही सोबत असते.

तेव्हा हो, गांजाचं व्यसन लागतं. सगळ्यांना लागत नाही. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला लागतं, किशोरवयात सुरू केलेल्यांत सहातल्या एकाला, असे अंदाज आहेत. तो ठरवूनही थांबू शकत नाही, प्रमाण वाढतंय, आवडीच्या गोष्टी सुटल्यात, असं असेल तर व्यसन समजा.

बाबांनी हात उचलला त्यामागची त्यांची भीती मला कळते. पण जी लाज विसरायला तो ओढतो तीच मारानं वाढते. बाबांना एवढंच सांगा की महिनाभर या विषयावर तुम्ही बोलू नका, मी बोलते. आणि मामांना स्पष्ट नाही सांगा. परक्या घरातली मुलगी आणून तिच्यावर हा भार टाकायचा कुणालाही हक्क नाही. मी हे शांतपणे लिहू शकत नाही, कारण अशा मुलींचे चेहरे माझ्यासमोर आहेत.

तुम्ही त्याच्याशी बोलणार असाल तर तो ओढून आलेला असताना नको. दुपारी, कामाच्या निमित्तानं गाडीवर बाहेर पडा. "का ओढतोस?" असं विचारलं की मुलं बचाव करतात. त्यापेक्षा विचारा, "ओढल्यावर तुला काय बरं वाटतं? आणि दुसऱ्या दिवशी काय नको वाटतं?" मग गप्प बसा. त्याचं उत्तर पूर्ण होऊ द्या, तुमचा सल्ला पोटात ठेवा. ज्या दिवशी त्याच्या तोंडून "मलाही कंटाळा आलाय याचा" निघेल, त्याच दिवशी पुढच्या आठवड्याची वेळ ठरवा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. घरातूनच सुरुवात करायची तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गांजा सोडवणारी अशी खास गोळी नाही. समुपदेशन हाच मुख्य उपचार. मुळाशी नैराश्य असेल तर त्यावर मात्र चांगली औषधं आहेत.

उपचाराला गेलो तर पोलिसांत नाव जाईल, ही भीती अनेक घरांना असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित आजारही येतात आणि त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातही कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार पूर्ण करायची अट आहे.

मात्र एका बाबतीत वाट पाहू नका. तो "माझ्याबद्दल शेजारी बोलतात", "कुणीतरी मागावर आहे" असं म्हणू लागला, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. घराण्यात कुणाला असा आजार असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कोवळ्या वयातला भरपूर गांजा आणि स्किझोफ्रेनियासारखे आजार यांचा संबंध १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या सैनिकभरतीच्या मोठ्या अभ्यासापासून दिसत आलाय.

प्रश्न : मॅडम, मी २० वर्षांचा, गंगापूर रोडला रूम करून राहतो. आम्ही मित्र फक्त शनिवारी ओढतो. कुंभमेळ्यात साधू उघड चिलीम ओढतात, महादेवाचा प्रसाद म्हणतात. भांग तर कायद्यानंही चालते. नैसर्गिक वनस्पतीला एवढं का घाबरायचं? मी कधीही सोडू शकतो.
— एक विद्यार्थी

उत्तर : कायद्याचं आधी सांगते. १९८५च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा नियम वेगळा. गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. धोतराही नैसर्गिक वनस्पतीच आहे आणि तीही महादेवाला वाहतात, पण तू ती खाणार नाहीस.

साधूनं घर, नोकरी, परीक्षा सगळं सोडलेलं असतं. तुला सोमवारी वर्गात बसायचंय. विशीत मेंदूची वाढ चालूच असते, विशेषतः निर्णय घेणाऱ्या आणि स्वतःला आवरणाऱ्या भागाची. लक्ष आणि स्मरणशक्तीवरचा परिणाम रोज ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. तू अजून तिथे नाहीस आणि म्हणूनच तुझ्याशी बोलायला मला हुरूप आहे.

"कधीही सोडू शकतो" हे मी खरं धरते. मग पुढचे चार शनिवार सोड. मित्रांबरोबर जा, सोमेश्वरला बस, मिसळ खा, फक्त जॉइंट पुढे आला की "आज नको" म्हण. ते म्हणताना काय वाटलं ते त्याच रात्री वहीत लिही. चव आठवली, की मित्र हसतील असं वाटलं? चौघांत बोलायला विषय सुचेना? घरची आठवण आली? आणि शनिवार सोडून मधल्याच एखाद्या दिवशी, पेपर अवघड गेला म्हणून किंवा फोनवर भांडण झालं म्हणून, आठवण आली तर ती तारीख आणि कारण ठळक लिही. ती पानं मला पाठव, नाव घालू नकोस. उत्तर मी देईन.