काकडीवरची भुरी हटत नाही? डोस डबल करू नका

प्रश्न (मुरबाड, शहापूरकडच्या काही शेतकऱ्यांचा): काकडीवर भुरी (पानावर पिठासारखी पांढरी बुरशी धरणारा रोग) आहे, वीस दिवसांत तीन वेगवेगळी औषधं मारली तरी पांढरे ठिपके परत येतायत. दुकानदार म्हणतो डोस डबल करा. करू का?

उत्तर: नाही. अजिबात नाही.

मागच्या आठवड्यात असाच एक प्लॉट बघितला. दादांनी तिन्ही बाटल्या बांधावर आणून ठेवल्या, तीन कंपन्या, तीन नावं, आणि मागच्या बारीक अक्षरात तिन्हीवर एकच, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन. म्हणजे एकच औषध तीनदा मारलं आणि पैसे तीनदा गेले.

प्लॉटमधली भुरी सगळी एका जातकुळीची नसते. त्याच प्लॉटमधल्या एका पानावर दोन ठिपके शेजारी होते, एक करडा पडून सुकलेला, दुसरा पिठासारखा पांढराशुभ्र, बोट लावलं की बोटाला लागणारा. फवारा दोघांवर सारखाच पडलेला. औषधाला न मरणारी बुरशी आधीपासून थोडी असतेच, तुम्ही तेच औषध परत परत मारता तेव्हा मरणारी मरते आणि हिला मोकळं रान मिळतं, म्हणजे भात उपटून गवत राखायचं अशी उलटी बेणणी झाली. स्ट्रोबिन गटात (अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन याच गटातलं) तर बुरशीच्या एका प्रथिनात 143 नंबरच्या जागेवर बदल झाला की औषध लागूच पडत नाही, मग लिटरला 1 मिली घाला नाहीतर 5 मिली. जर्मनीत गव्हावर हा गट 1996 ला आला आणि 1998 ला तिथली भुरी दाद देईना. म्हणून सांगतो, डोस वाढवू नका.

कोनॅझोलवाल्या औषधांचं (ज्यांच्या घटकाचं नाव कोनॅझोलने संपतं) वेगळं आहे, तिथे बुरशी औषधाला पायरीपायरीने घट्ट होत जाते. कमी डोसात अर्धवट घट्ट झालेली वाचते, जास्त मारलं तर वेलीची पेरं आखूड होतात, पान जाड गडद होतं आणि दुकानदार सांगतो बघा काळोखी (जोमदार पिकाचा गडद हिरवेपणा) आली. ती काळोखी नाही, वेल आखडलाय. लेबलवरचाच डोस घ्या, ना कमी ना जास्त.

आता करायचं काय. खालची भुरीची पानं काढून प्लॉटबाहेर पुरा, बांधावर टाकू नका. मग पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, पानाच्या खालूनही भिजलं पाहिजे. गंधक बुरशीवर अनेक ठिकाणी मारा करतं म्हणून ते सहजी निकामी होत नाही, माझा भर त्यावरच आहे. पण कडक उन्हात मारू नका, काकडीचं पान करपतं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मारा आणि आधी चार वेलींवर मारून दोन दिवस बघा. स्ट्रोबिन हंगामात दोनदाच, तेही लागोपाठ नको. जोड औषधात (दोन घटक एकत्र असलेल्या) स्ट्रोबिन असेल तर तेही मोजा.

तोडणी दिवसाआड चालू असते आणि काकडी लोक कच्ची खातात, फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं, तेवढे दिवस गेल्याशिवाय तोडू नका, डबल डोस मारून दुसऱ्या दिवशी माल वाशीच्या बाजारात पाठवणं तर अजिबात चालणार नाही.



दुकानात औषधाचं नाव नाही, घटक विचारा, घटकाच्या नावाचा शेवट स्ट्रोबिन का कोनॅझोल ते बघा आणि पक्कं बिल घ्या. प्रत्येक फवारणीची तारीख आणि घटक वहीत लिहा, पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा ती वही हातात असू द्या.