तलावाच्या पाळीवरचा निवांत वेळ

प्रश्न : धानाची रोवणी करण्यात आणि मोहफुले वेचण्यात आयुष्य गेले. आता पासष्टीत संध्याकाळी तलावाच्या पाळीवर नुसते बसावेसे वाटते. पण काम नसताना बाहेर कशाला, असे घरचे म्हणतात. काय करावे? (एक वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : ताई, अवश्य बसा. ज्या रानात आजवर केवळ मोळी आणि मोहफुलांसाठी गेलात, तिथे निव्वळ आनंदासाठी जायला देवदर्शनाचे निमित्त शोधावे लागू नये, असे मला मनापासून वाटते. हिवाळ्यात तुमच्याकडच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांवर स्थलांतरित बदके उतरतात आणि धानाच्या बांधीत एखादे वेळी सारसाची जोडीही चरताना दिसते. ती पाहायला दोघी-तिघी सोबतिणी घ्या. वाघाचा वावर असल्यास मात्र दिवस मावळण्याआधी परता. तुमच्या जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या मोठ्या तलावावर जायचे झाल्यास एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धेच तिकीट आहे.